बरी म्हणजे नक्की किती?

माझ्या काट्याला पासंग नाही आणि माझ्या बोलण्यालाही नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्यात माझी अकरा वर्षं गेली. वजनमापे खात्यात निरीक्षक आहे मी. तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक मला दुकानाच्या पायरीवरूनच कळतं. दांडी मारणाऱ्यांना पकडणं हे माझं काम, आणि अकरा वर्षांत मी स्वतः कामाला एकदाही दांडी मारलेली नाही.

त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, की गरोदरपण हा काही घाबरण्याचा विषय नाही, तो मोजमापाचा विषय आहे. इतके आठवडे, इतकं वजन, इतका रक्तदाब. जे मोजता येतं ते सांभाळता येतं. नऊ महिन्यांत गुंजभर चूक होणार नाही, मी बघते.

पहिली चूक पहिल्याच तपासणीला झाली आणि ती गुंजभर नव्हती. एका शब्दाची होती.

दवाखान्यातल्या नर्सबाई चांगल्या मनाच्या आहेत, पण त्यांचं बोलणं आणि लिहिणं एकाच वेळी चालतं. मला काट्यावर उभं केलं, "साठ" म्हणाल्या, लिहिलं, बसायला सांगितलं आणि मान वर न करता विचारलं, "काय, कशी आहे तब्येत?"

आता असं कुणी विचारलं तर माणूस काय म्हणतो? भाजीवाला विचारतो, बसमधला मागच्या बाकावरचा माणूस विचारतो, दहा वर्षांनी भेटलेली शाळेतली मैत्रीण विचारते. आपण एकच उत्तर देतो. मीही दिलं.

"बरी आहे. तुमची?"

"माझं काय विचारता, कंबर गेलीय," त्या म्हणाल्या आणि एका चौकोनात खूण करून त्यांनी मला एक केशरी कार्ड दिलं.

केशरी कार्ड म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, कारण दवाखाना कार्डाची एक प्रत कामाच्या ठिकाणी पाठवतो. साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब स्वभावाने मऊ, पण नियम हातात आला की कडक होतात.

"मॅडम, तुम्ही काही बोलला नाहीत. इतकं बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय झालंय?"

त्यांनी कार्ड उलटं करून दाखवलं. मागे छापलं होतं: गरोदर महिलेची तब्येत, स्वतःच्या मते. उत्तम, चांगली, बरी, वाईट. उत्तम आणि चांगलीला हिरवं कार्ड. वाईटला लाल. आणि बरीला केशरी: बाहेरचं काम बंद, बसून काम करणे, लक्ष ठेवणे.

"साहेब, ते मी सहज म्हटलं होतं."

"पण म्हटलं होतंत ना?"

"म्हटलं होतं."

"मग मी काय करू? तुमच्याच मते तुमची तब्येत बरी आहे. वाईटाच्या फक्त एक घर वर."

एवढंच असतं तर मी टेबलावर बसून फायली उपसल्या असत्या. पण सहा आठवड्यांनी मोठ्या बाजाराची तपासणी होती. तीन वर्षांतून एकदा होते. शंभरच्या वर काटे, दोन दिवस, आणि पथकाची प्रमुख या वेळी मी. खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच बाई. मी नाही तर कोण? तर दशांश. दशांश म्हणजे माझा सहकारी. त्याला "वाजले किती" विचारलं तर सेकंदांसकट सांगतो, म्हणून हे नाव. तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "काळजी घ्या मॅडम. बाजाराचं मी बघतो. शंभर टक्के. म्हणजे शंभर पूर्णांक शून्य."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रक्तदाब त्या वेळी कुणी मोजला नाही हे बरं झालं. (हा शब्द जाता जात नाही, बघा.)

तो दिवस शुक्रवारचा; त्याच संध्याकाळी मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या मंगळवारी आणि शुक्रवारीच बसतात.

"एक चौकोन चुकलाय. बरीच्या जागी उत्तम करा."

"रक्तदाब चुकला असता तर मी बदलला असता," त्या म्हणाल्या. "हे तुमचं मत आहे. तुमचं मत मी कसं बदलू?"

"मीच बदलतेय ना!"

"कशावरून?"

"म्हणजे?"

"काल बरी, आज उत्तम. मधे काय झालं? पुरावा हवा ना काहीतरी. उद्या सगळ्याच येतील मत बदलायला."

माझं मत माझंच आहे याचा पुरावा मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. पण मला त्यांचा राग येईना, कारण दुकानदारांशी मीही असंच बोलते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. सवयींची एक वही असते. चार आठवडे रोज भरायची: चालणं, पाणी, आहार, झोप, विश्रांती आणि मनाची प्रसन्नता. सवयी निरोगी दिसल्या आणि चार आठवड्यांत दोन किलो वजन वाढलं, की हिरवं कार्ड.

"रेषा बासष्टला," असं म्हणून त्यांनी माझ्या तक्त्यावर लाल रेघ मारली.

मी वही छातीशी धरून घरी आले. नोंदी ठेवायच्या, आकडे जुळवायचे. हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं मत दिलं, "बरोबरच बोललीस तू. उत्तम कधी सांगू नये. उत्तम म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात दुखतं. बरी आहे म्हणावं आणि विषय बदलावा."

"आई, इथे त्यामुळे माझं पथक हातचं चाललंय."

"पथक काय, येईल नि जाईल. मी तर शेवटच्या दिवसापर्यंत विहिरीचं पाणी ओढत होते, मला कुणी विचारलं नाही कशी आहेस म्हणून." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला. "ठेव तो. जड आहे."

नवरा विमा कंपनीत आहे. त्याला जगात वस्तू दिसत नाहीत, जोखीम दिसते. त्याने वही उघडून बघितली आणि म्हणाला, "यात साक्षीदाराची सही कुठे आहे?"

"सही लागत नाही."

"लागत नाही म्हणूनच घ्यायची. उद्या कुणी म्हणालं, तू झोपलीच नव्हतीस, तर?"

म्हणून पहिल्या रविवारी दुपारी मी विश्रांतीला आडवी झाले तेव्हा खोलीत तीन माणसं होती. नवरा हातात घड्याळ घेऊन. सासूबाई, नवरा बरोबर बघतोय ना हे बघायला. आणि खालच्या मजल्यावरच्या अनुभवी काकू, ज्यांची चार बाळंतपणं झाली आहेत आणि त्यामुळे पाचवं कुणाचंही असलं तरी ते त्या स्वतःचंच धरतात.

"डाव्या कुशीवर," काकू कुजबुजल्या.

"डावीवरच आहे," सासूबाई कुजबुजल्या.

"तिची डावी की आपली?"

"झोप लागली वाटतं," नवरा म्हणाला आणि खात्री करायला त्याने मला हलवलं. "अगं, झोपलीस ना?"

त्या दिवशी वहीत मी लिहिलं, विश्रांती: चार मिनिटं. मापात पाप नको.

पाण्याचं प्रकरण त्याहून वाईट. वहीत छापलं होतं, रोज आठ पेले. पण पेला म्हणजे किती? घरातले सगळे पेले मी खात्याच्या मापाने मोजले. अकरा पेले, अकरा वेगवेगळी मापं. सासूबाईंचा लाडका पितळी पेला निम्माच भरायचा, कारण त्याचा तळ तीन बोटं जाड होता.

"आई, हा पेला फसवा आहे."

"माझ्या माहेरचा आहे तो!"

"माहेरचा असला तरी फसवा आहे."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याबद्दल बोलत होत्या, पण काकूंशी. मनाच्या प्रसन्नतेला मी त्या दोन दिवशी दहापैकी तीन गुण दिले. नवऱ्याने ते वाचलं आणि मला हसवण्याची जबाबदारी अंगावर घेतली. त्याला एकच विनोद येतो. तो मला लग्नाआधी सांगितलेला आहे. तो त्याने रोज सकाळी सांगायला सुरुवात केली तेव्हा मी दोनवर आले.

आहाराचा रकाना काकूंनी परस्पर ताब्यात घेतला. रोज सकाळी भिजवलेले बदाम यायचे. काकू चार मोजून द्यायच्या, सासूबाई त्यांना न कळवता आणखी चार द्यायच्या आणि नवरा खिशातून दोन काढायचा. दहा बदाम, एक अंडं, दोन केळी, पालक आणि सगळ्यांवर दूध. खाणं अंगी लागतंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण घरच्या काट्यावर काकू आधी उभ्या राहिल्या आणि तो बसला, तो कायमचाच.

चालण्याचं मात्र नीट चाललं होतं. ते मी एकटी करत होते म्हणून. पण समोरच्या इमारतीत एक निवृत्त पी.टी. मास्तर राहतात. त्यांनी मला गॅलरीतून दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी घालून खाली उतरले.

"चालताय की वेळ घालवताय?"

"मास्तर, मला सावकाश चालायला सांगितलंय."

"सावकाशच. पण तालात. दोन शिट्ट्या, पाऊल. एक शिट्टी, थांबा."

मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आम्ही निघालो. मी पुढे, मास्तर मागे. गल्लीत सगळं छान झालं. चौकात आलो आणि मी दमलेय असं वाटून मास्तरांनी मला थांबवायला एक लांब, खणखणीत शिट्टी मारली.

मी थांबले. माझ्याबरोबर दोन बस, अकरा मोटारी आणि एक दूधवाला थांबला. उजवीकडचे थांबले म्हणून डावीकडचे निघाले, तेव्हा मास्तरांना आपली चूक कळली आणि ती सुधारायला त्यांनी दोन शिट्ट्या मारल्या. मग सगळेच निघाले. खरा वाहतूक पोलीस तेव्हा कोपऱ्यावर चहा पीत होता. तो पेला हातात घेऊनच धावत आला.

"कोण आहात तुम्ही?"

"मी यांचा प्रशिक्षक," मास्तर म्हणाले.

पोलिसाने माझ्या पोटाकडे बघितलं, मग शिट्टीकडे, आणि आम्हाला दोघांना चौकीत नेलं. त्या दिवसाची नोंद: चालणं अर्धा तास, पैकी वीस मिनिटं चौकीत उभी. मनाची प्रसन्नता: एक.

तरी चार आठवडे सरले. वही भरली. चुकांसकट, खाडाखोड न करता भरली. एक अख्खा महिना सवयींच्या मागे एवढं धावल्यावर कुणाचीही तब्येत बिघडली असती. माझी बिघडली नाही, यावरूनच ती उत्तम आहे हे सिद्ध होतं. असं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंसुद्धा.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाई नव्हत्या, गुरुवार होता. पण वजन घ्यायला आणि कार्ड बदलायला नर्सबाई पुरतात. त्यांनी वही चाळली, "पोलीस चौकी?" म्हणून थांबल्या, "असो," म्हणाल्या आणि मला काट्यावर उभं केलं.

"बासष्ट! अगदी रेषेवर. झालं तुमचं काम." त्यांनी हिरव्या कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला.

मी काट्यावरून उतरले. चपला घालायला वाकले. वाकल्यावर माझी नजर कुठे जाते हे मी सांगायला नको. अकरा वर्षांची सवय. ही मात्र कुठल्या वहीत भरायची नव्हती.

काटा रिकामा होता आणि सुई दोनावर उभी होती.

मी चपला घातल्या. एक पट्टा घातला, तो काढला, परत घातला. सुई दोनावरच.

आता बघा, गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? नर्सबाई कार्डावर माझं नाव लिहीत होत्या. मोठा बाजार दोन आठवड्यांवर आला होता. पण सुई दोनावर म्हणजे माझं खरं वजन साठ. आणि चार आठवड्यांपूर्वी मी साठच होते. म्हणजे एवढे बदाम, एवढं दूध, एवढ्या शिट्ट्या आणि मी गुंजभरही वाढले नव्हते. मी नव्हते वाढले ते सोडा. आत जे कुणी होतं, ते महिनाभर वाढलं नव्हतं की काय?

आयुष्यात पहिल्यांदा मला एका आकड्याची भीती वाटली.

"नर्सबाई," मी म्हटलं, "तुमचा काटा खोटा आहे."

"दोनावर असतो तो. तीन वर्षं झाली. चालतं."

"चालत नाही."

माझ्या पर्समध्ये इतर बायकांच्या पर्समध्ये असतं ते सगळं असतं, शिवाय तार, शिशाची सीलं आणि पक्कड असते. पाच मिनिटांत मी काट्याला तार गुंडाळली, सील दाबलं आणि पंचनाम्यावर नर्सबाईंचीच सही घेतली. त्यांनी हिरवं कार्ड परत गठ्ठ्यात ठेवलं. "वजन नाही तर कार्ड नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाहेर बाकावर सात गरोदर बायका बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मोजायचं माप खात्यात नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने कपाळावर हात मारला. "गप्प बसायला काय झालं होतं? दोन किलोंचा तर प्रश्न होता!"

"दुकानदारही हेच म्हणतात."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी तो पितळी पेला आणला, दुधाने भरला आणि माझ्यासमोर ठेवला. मग जरा विचार केला आणि दुसरा अर्धा भरून त्याच्या शेजारी ठेवला. "हे तळाचं," म्हणाल्या.

पुढचा आठवडा पत्रांचा. डॉक्टरबाईंचं साहेबांना पत्र: आपल्या निरीक्षकांनी आमचा काटा बंद केला आहे, तो दुरुस्त करायचा आहे, तरी सील त्वरित काढावे. साहेबांनी मला बोलावलं.

"बाहेरचं काम बंद असताना तुम्ही सील लावलंत कसं?"

"मी कामावर नव्हते साहेब, वजन करायला गेले होते. आणि निरीक्षक चोवीस तास निरीक्षक असतो, तुम्हीच म्हणता."

"ते मी भाषणात म्हणतो." साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "बरं, आता जाऊन काढून या."

"बाहेरचं काम बंद आहे ना."

"मग दशांश काढेल."

"ज्याने सील लावलं त्यानेच काढायचं. नियम बावीस."

साहेबांनी नियम बावीस वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला. गुंता असा होता: सील काढायला मी हवी. मी बाहेर पडायला हिरवं कार्ड हवं. हिरव्या कार्डाला वजन हवं. वजनाला काटा हवा. आणि काट्याला माझं सील होतं.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "वजन काय फक्त दवाखान्यातच होतं?"

खात्याच्या आवारात एक मोठा काटा आहे. पोती मोजायचा. लोखंडी फळी, समोर आकड्यांची पाटी, दर सोमवारी प्रमाण वजनांनी तपासलेला. त्याच्याइतका खरा काटा चार गावांत नाही, कारण तो माझ्याच हाताखाली आहे. आता स्वतःच्या काट्यावर स्वतःच दाखला देणार कसा? म्हणून तो द्यायचं काम नियमाने दशांशकडे गेलं. आणि दाखल्याचा खात्यात एकच नमुना आहे.

"मालाचं नाव?" दशांशने विचारलं.

"लिही, निरीक्षक."

"नग?"

"एक. आत आणखी एक."

"आवेष्टनासह वजन की निव्वळ?"

"अरे बाबा, आवेष्टन म्हणजे मीच आहे!"

मी फळीवर चढले. पोती उचलणारे दोन हमाल काम टाकून उभे राहिले. नवरा अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता आणि फळीच्या कडेला दोन्ही हात पसरून उभा होता, मी दहा बोटं उंचीवरून पडले तर झेलायला. समोर पाटीवर आकडे पळायला लागले. साठ किलो तीनशे चाळीस. तीनशे पन्नास. परत तीनशे चाळीस.

"हलू नका मॅडम," दशांश म्हणाला.

"मी हलत नाहीये."

"काटा स्थिर होत नाहीये. माल हलतोय."

आणि तेव्हा मला कळलं. आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. मग परत एकदा. मी हलत नव्हते. खरंच माल हलत होता.

सरकारी दाखला भरला जात होता. पण डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते किती ग्रॅम होतं ते दशांशलाही विचारावंसं वाटलं नाही. त्याने लिहिलं: साठ किलो तीनशे चाळीस ग्रॅम, माल जिवंत असल्याने दहा ग्रॅम कमी-जास्त. आयुष्यात त्याने एवढीच एक सूट दिली.

दाखला घेऊन नवरा दवाखान्यात गेला, मी ऑफिसातून फोन लावला. डॉक्टरबाई फोनवर आल्या.

"साठ तीनशे चाळीस," मी म्हटलं. "पहिल्यांदाही साठच होते. फक्त तीनशे चाळीस ग्रॅम वाढले. खरं सांगा, काळजीचं काही आहे का?"

"पहिल्यांदा तुम्ही कुठल्या काट्यावर मोजलं होतंत?"

"तुमच्याच."

"तो तेव्हाही दोनावरच उभा होता ना?"

मी फोन कानाशी धरून साहेबांच्या टेबलावरचा एक कागद पुढे ओढला.

"म्हणजे तेव्हा तुम्ही अठ्ठावन्न होतात," त्या म्हणाल्या. "आज साठच्या वर. दोन किलोंहून जास्त वाढ. उत्तम आहे. अहो, दोन्हीकडचे दोन गेले, उरलं तेवढंच! गप्प बसला असतात तर त्याच दिवशी हिरवं कार्ड होतं की."

अकरा वर्षं मापात काढली आणि मी वजाबाकीत हरले. एवढा अपमान कुठल्या दुकानदाराने केला नव्हता. पण हरल्याचा इतका आनंदही कधी झाला नव्हता. मी साहेबांच्या टेबलावरचे बिनभिजवलेले शेंगदाणे मूठभर खाल्ले, वहीत न लिहिता.

हिरवं कार्ड आलं. मी दवाखान्यात जाऊन सील काढलं. बाहेर बाकावरच्या बायका तिथे नव्हत्या. त्या आमच्या आवारात पोत्यांच्या रांगेत उभ्या होत्या, कारण नर्सबाईंनी आठवडाभर सगळ्यांना तिकडेच पाठवलं होतं. अजूनही दोघी-तिघी येतात. तिथला दाखला जास्त खरा असतो म्हणतात.

मोठ्या बाजाराची तपासणी मी केली. एकशे बारा काटे, एकोणीस खोटे. एका व्यापाऱ्याने मला खुर्ची दिली. मी बसले नाही, खुर्ची उचलायला लावली, आणि तिच्याखाली दुसरा तराजू निघाला. तो चिडून म्हणाला, "बाई, या दिवसांत तुमचा तोल गेलाय."

"गेला नाही," मी म्हटलं, "थोडा पुढे सरकलाय. तुमचा मात्र पाव किलोने गेलाय."

दशांश मागे उभा राहून हे लिहून घेत होता. पावला त्याने दशांश चिन्ह दिलं.

मग उरलेले महिने मी एकच तयारी केली. सासूबाईंची. रोज संध्याकाळी मी नर्स व्हायची.

"काय आजीबाई, कशी आहे सुनेची तब्येत?"

"ब..."

"आई!"

"उत्तम," त्या म्हणायच्या आणि इकडेतिकडे बघून घ्यायच्या, कुणाच्या पोटात दुखत नाही ना. शेवटच्या महिन्यात त्या झोपेतून उठवलं तरी उत्तम म्हणायला लागल्या. अनुभवी काकूंनासुद्धा मी पढवून ठेवलं.

मुलगी झाली. मला गुंगीतून जाग आली तेव्हा नर्सबाई तिला वजनाच्या काट्यावर ठेवत होत्या. मी आधी काटा बघितला. शून्यावर होता. मग मुलीला बघितलं. तीन किलो दहा ग्रॅम, हात-पाय झाडत होती, रडणं खणखणीत. मी डोळे मिटले. सगळं मापात होतं.

नर्सबाई नवा फॉर्म घेऊन दाराशी गेल्या. बाहेर सासूबाई उभ्या होत्या. हसून, लिहिता लिहिता, मान वर न करता नर्सबाईंनी विचारलं, "काय आजीबाई, बरं आहे ना बाळ?"

"बरं आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "तुमची कंबर कशी आहे?"

मुलीचं कार्ड केशरी आहे.